तीन पट्टे: एका जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधला गंज

गोराईहून फेरीबोटीने आलेलं गाठोडं आम्ही दोघांनी बोरिवलीच्या धक्क्यावर उतरवलं, तेव्हा गोणपाटाच्या कोपऱ्यातून जास्त दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी ठिबकत होतं. शेजारच्या मावशींनी माशांची पाटी दोन हात लांब सरकवली. "काय हाय त्यात?" "गिअरबॉक्स." "मेलाय वाटतं." त्यांचं निदान तसं फार चुकलं नव्हतं.

मशीन अमेरिकन, 70च्या दशकातलं. कुठल्याशा बंगल्यावर हिरवळ कापायला आणलेलं, लिलावात निघालं आणि फिरत फिरत गोराईच्या एका वाडीत पोचलं. मूळचं पेट्रोल इंजिन केव्हाच गेलं. त्या जागी आता डिझेलवर चालणारं पंपाचं इंजिन आहे, पट्ट्यावर जोडलेलं. वाडीवाले काका त्याला छोटी ट्रॉली लावून नारळ, शेणखत, पाण्याची टाकी असं काहीबाही ओढायचे. गिअरबॉक्स मात्र मूळचाच. बिडाचं घर, म्हणजे गिअर झाकणारी बाहेरची पेटी, मधोमध दोन फाकांत उघडणारी. तीन पुढचे गिअर, एक मागचा, शिवाय हाय-लोची, म्हणजे जलद-सावकाश निवडायची, वेगळी दांडी, म्हणजे एकूण सहा पुढे आणि दोन मागे. वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियलही त्याच घरात. त्यामुळे पाणी एकदा आत शिरलं की कुणालाच सोडत नाही.

आणि ते शिरलं होतं. दोन पावसाळे ट्रॅक्टर आंब्याखाली निळ्या ताडपत्रीत उभा होता. गिअरच्या दांडीच्या बुडाशी रबराची टोपी असते, ती उन्हाने तडकली होती. ताडपत्रीतून झिरपणारं पाणी दांडीवरून ओघळत थेट पोटात जायचं. काकांचा फोन आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. "दांडी हलत नाही, चाक फिरत नाही. भाचा म्हणतोय, सायट्रिक ॲसिड ओतू, रात्रभर ठेवू, सकाळी आतून चकाचक."

मी म्हटलं, काका, भाच्याला थांबवा, मी उद्याच येतो.

हे का म्हटलं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं काम त्यावरच बेतलेलं आहे. गिअरबॉक्समधला सगळा गंज सारख्या वैराचा नसतो. घराच्या भिंतीला घट्ट चिकटलेला तांबूस थर दिसायला भयंकर, पण तो तिथेच बसून राहिला तर कुणाचं काही बिघडवत नाही. सुटा गंज मात्र तेलात फिरतो आणि सगळं घासत सुटतो. जुने सोनार दागिन्याला चकाकी आणायला वापरतात ती तांबडी रूज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच. सोन्यावर ती चकाकी आणते, बेअरिंगमध्ये गेली की तोच कानस. बंद घरात ॲसिड ओतलं तर भिंतीवरचा निरुपद्रवी गंज सुटतो आणि नेमका सुयांच्या बेअरिंगमध्ये (गोळ्यांऐवजी सुईसारख्या बारीक दांड्या असतात त्यात) जाऊन बसतो, जिथून तो धुऊन निघत नाही. जिथे तेलाचा थर आहे तिथे ॲसिड पोचतच नाही. बिचाऱ्या पितळी बुशांना, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्यांना, मात्र ते पुरेपूर पोचतं.

26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी एका गॅरेजमध्ये हेल्पर होतो. पुढचा महिनाभर आम्ही फक्त बुडालेल्या रिक्षा आणि टेम्पो उघडत होतो. ज्यांनी दोन-चार दिवसांत तेल काढून टाकलं, त्यांचे गिअरबॉक्स आजही कुठे कुठे चालत असतील. जे "विम्याचा माणूस बघून जाऊ दे" म्हणत गणपतीपर्यंत थांबले, त्यांची बेअरिंग आम्ही मुठीने भंगारात टाकली. पाणी शिरल्याने जेवढं नुकसान होतं, त्याच्या कितीतरी पट पाणी आत बसून राहिल्याने होतं.

उघडण्याआधी

वाडीत पोचल्यावर पहिलं काम तवा मागण्याचं. तेलात पाणी आहे का, याची यापेक्षा सोपी तपासणी नाही. तवा चांगला तापवायचा, वरून तेलाचे दोन थेंब टाकायचे. कोरडं तेल गुपचूप पसरतं, थोडा धूर देतं. पाणी असेल तर मोहरी फुटल्यासारखं तडतडतं. काकूंनी भाकरीचा तवा दिला. थेंब पडताच असा तडतडला की भाचा मागे सरला. मग ड्रेन बोल्ट सोडला. आधी निव्वळ पाणी आलं, पेलाभर, चहाच्या डिकॉक्शनच्या रंगाचं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. त्यामागून ती दुधाळ भेसळ, आणि शेवटी थोडं बऱ्यापैकी तेल. काकूंनी तवा परत घ्यायला नकार दिला. तो माझ्याकडेच आहे.

घर फोडायचं तर आधी चाकांचे हब ॲक्सलवरून काढावे लागतात. या कामातला खरा घाम तिथे गेला. हब ॲक्सलवर चावीने बसतो आणि वरून स्क्रूने आवळलेला असतो. खारी हवा, शेणखत आणि पन्नासेक वर्षं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे हब आणि ॲक्सल यांच्यातली केसभर फट ठासून भरते आणि दोघं एकजीव होतात. हातोड्याने ठोकलं तर हबला तडा जातो किंवा आतली बेअरिंग फुटतात. पहिल्या दिवशी मी स्क्रू काढून त्या भोकातून पातळ तेल सोडलं, पुलर (हब ओढून काढायचं स्क्रूचं साधन) लावून ताण दिला आणि तसाच सोडून दिला. दुसऱ्या दिवशी अर्धी फेरी आवळला. तिसऱ्या दिवशी फक्त हबला गॅसची आच दिली, ॲक्सलला नाही. हब पाणी टाकलं की चुरचुरेल इतका तापल्यावर सांध्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली. मेण वितळलं आणि डोळ्यादेखत फटीत ओढलं गेलं. पुन्हा पुलर. बंदुकीसारखा एक आवाज आला आणि डावा हब दोन सूत सरकला. उजव्याला आणखी दोन दिवस लागले. सीलं, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्या, तर बदलायचीच होती, म्हणून आच देताना त्यांची फिकीर केली नाही. ती ठेवायची असतील तर हा मार्ग धरू नये.

आत काय दिसलं

माझ्या दहिसरच्या गाळ्यात घराच्या दोन फाका वेगळ्या केल्या, तेव्हा भिंतीवर तीन आडवे पट्टे होते, नदीच्या घाटावर पुराच्या खुणा असतात तसे. वरचा पट्टा नारिंगी, खरखरीत, बोट फिरवलं की भुकटी सुटणारा. तिथे तेल कधी पोचत नाही. दिवसा तापलेलं घर रात्री निवतं, आतल्या दमट हवेचं दव छताला धरतं, आणि हवा भरपूर असल्यामुळे गंज लाल होतो. मधला पट्टा जवळजवळ नव्यासारखा. तिथे तेल तरंगत होतं आणि त्याने दोन वर्षं इमानाने राखण केली. खालचा पट्टा काळा, गुळगुळीत, चिखलासारखा. तिथे पाणी होतं, पण हवा फार थोडी. अशा जागी होणारा ऑक्साइड काळा असतो.

हे तीन पट्टे म्हणजे आतल्या प्रत्येक सुट्या भागाची जन्मपत्रिका. कुठला शाफ्ट कुठल्या पट्ट्यात उभा होता हे बघितलं की त्याचं भविष्य सांगता येतं. म्हणून काहीही धुण्याआधी मी फोटो काढले आणि प्रत्येक भागाला तारेने चिठ्ठी बांधली: वर, मध्ये, खाली. पोऱ्या म्हणाला, उस्ताद, धुऊन मग बघू ना. धुतल्यावर काय बघणार?

चिठ्ठ्यांप्रमाणे हिशेब असा निघाला. दांड्यांचे दोन शाफ्ट आणि गिअर सरकवणारे त्यांचे फोर्क वरच्या पट्ट्यात. गिअर पडत नव्हता तो यांच्यामुळे. फोर्क जागेवर धरणारी छर्‍याएवढी गोळी आणि तिची स्प्रिंग, दोन्ही गंजून भोकात रुतली होती. मोठा डिफरन्शियल गिअर अर्धा काळ्या पट्ट्यात, अर्धा तेलात. त्याच्या दातांवर एका बाजूला डाग होते. आणि सगळ्यात खालचा रिडक्शन शाफ्ट पूर्ण पाण्यात.

काय ठेवलं, काय टाकलं

बेअरिंगबद्दल चर्चा नाही. गंज लागलेलं बेअरिंग साफ करून बसवणं म्हणजे सडका दात घासून चकचकीत करणं. ट्रॅकवर सुईच्या टोकाएवढा खड्डा असला तरी गोळी प्रत्येक फेरीत त्यावर आपटते, कडा तुटते, खड्डा वाढतो. सगळी बाहेर. बॉल बेअरिंगांवर फक्त 205 असं कोरलेलं होतं. नागदेवी स्ट्रीटच्या शेठनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "205 म्हणजे आपलं 6205च. 25, 52, 15." आतलं भोक, बाहेरचा व्यास, जाडी मोजून बघितली, तंतोतंत. म्हणजे ट्रॅक्टर इंचाच्या देशातला आणि बेअरिंग मिलिमीटरचं. सुयांची बेअरिंग आणि सीलं मात्र इंची मापाची, ती मिळायला तीन दुकानं आणि दोन चहा लागले.

गोळी आणि स्प्रिंगचा प्रश्न दहिसरलाच सुटला. गोळी पाव इंची, सायकलच्या मागच्या हबमध्ये असते तीच. सायकलवाल्याने चार गोळ्या हातावर ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत.

गिअरच्या दातांवरचे डाग हा निर्णयाचा भाग. दात जिथे एकमेकांवर टेकतात ती जागा घासून चमकलेली असते, ती ओळखता येते. त्या चमकलेल्या पट्टीबाहेर खड्डे असतील तर मी ते सोडून देतो. पट्टीच्या आत नखाला लागणारा खड्डा असेल तर गिअर बाद. मोठ्या गिअरवर नख फिरवलं, लागलं नाही. नुसता रंग होता.

खालच्या शाफ्टची गोष्ट वेगळी. सुयांच्या बेअरिंगमध्ये आतली रिंग नसते, सुया थेट शाफ्टवर पळतात, म्हणजे शाफ्टच अर्धं बेअरिंग. आणि नेमक्या त्या जागी, बोटाएवढ्या रुंदीत, देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. नवं बेअरिंग घातलं असतं तरी महिन्याभरात खडखडलं असतं. गंज काढून इथे उपयोग नव्हता, धातूच गेला होता. शाफ्ट साकीनाक्याला पाठवला, जागा ग्राइंड करून खोल केली, वर हार्ड क्रोम चढवून पुन्हा मूळ मापाला ग्राइंड केली. एवढी एक गोष्ट सगळ्या बिलात महाग पडली.

आता प्रत्यक्ष गंज काढणं. घराच्या दोन फाका वीज लावून साफ केल्या. प्लास्टिकच्या मोठ्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, लिटरला साधारण चार ग्रॅम. 12 व्होल्टच्या चार्जरची उणे तार घराला, अधिक तार सभोवती लटकवलेल्या बांधकामाच्या सळयांना. उलटं जोडलं तर घरच विरघळायला लागतं, म्हणून तारा दोनदा बघायच्या. हल्लीचे चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, म्हणून मधे एक जुनी बॅटरी जोडली. सळईऐवजी स्टेनलेस स्टील कधी वापरू नये, त्यातला क्रोमियम पाण्यात उतरतो आणि तो विषारी असतो. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरिन सुटतो. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून टब गाळ्याच्या बाहेर छपराखाली, आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बिडी पलीकडे ओढायला सांगितली. वीज सळईसमोरच्या बाजूला जोर धरते, आडोशाच्या खोबणीत पोचत नाही. त्या जागांसाठी सळई वाकवून आत घालावी लागली. बारा तासांनी नारिंगी थराचा काळा मऊ गाळ झालेला असतो, तो ब्रशने निघतो. भिंतीला घट्ट धरलेला पातळ काळा थर मी मुद्दाम ठेवला. काही जण आतून रंग मारतात. मी मारत नाही. बिडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं तेल पूर्ण निघत नाही, आणि त्यावरचा रंग कधीतरी पापुद्रा होऊन तेलात पडतोच.

गिअर आणि शाफ्ट विजेत घातले नाहीत. ते वरून कडक केलेलं पोलाद, त्यात हायड्रोजन शिरला की ठिसूळ होतं. सायट्रिक ॲसिडनेही तेच होतं, पण वेळ हातात ठेवता येतो. भाच्याने आणलेलं किलोभर ॲसिड शेवटी इथे कामाला आलं. लिटरला पन्नास ग्रॅम, आधी डिझेल आणि मग कपड्याच्या पावडरीने भाग तेलमुक्त केलेले. दर वीस मिनिटांनी बाहेर काढून पितळी ब्रश. बहुतेक भाग तासाभरात मोकळे झाले. नंतर सोड्याचं पाणी, मग उकळतं पाणी, मग लगेच तेल.

माझ्या दोन चुका

"लगेच" या शब्दाची किंमत मला घराच्या पहिल्या फाकेने शिकवली. टबातून काढली, नळाखाली धुतली, पंख्यासमोर ठेवली आणि कटिंग प्यायला गेलो. जुलैची दुपार, बाहेर संततधार. परत येईपर्यंत स्वच्छ करड्या बिडावर हळदीकुंकवाचं बोट फिरवल्यासारखा नारिंगी रंग आला होता. पुन्हा टबात. पुढच्या वेळी शेवटचं धुणं उकळत्या पाण्याने केलं, म्हणजे धातू स्वतःच्याच उष्णतेने मिनिटभरात सुकतो, आणि गरम असतानाच डिझेल-तेलाचं फडकं फिरवलं. मुंबईच्या पावसाळ्यात पंख्याने वाळत घालायचे ते कपडे.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. रिडक्शन गिअरमध्ये आत पितळी रंगाचा बुश दाबून बसवलेला होता. तो दाबून काढायचा आणि मगच गिअर ॲसिडमध्ये घालायचा, हे मला माहीत होतं. पण त्या संध्याकाळी रस्त्यावर पाणी भरायला लागलं, गाडी चुकू नये म्हणून मी घाईत गाळा बंद केला आणि गिअर तसाच बादलीत राहिला. सकाळी दात गुलाबी. बुशातलं तांबं ॲसिडात उतरलं होतं आणि पोलादाच्या दातांवर येऊन बसलं होतं, देवघरातल्या ताम्हनासारखं. पोऱ्याला वाटलं मी काहीतरी भारी केलंय. तांब्याचा मुलामा ब्रशने निघाला, पण बुश आतून खरबरीत आणि सैल झाला होता. टर्नरकडून गनमेटलचा नवा करून घेतला. त्याचा खर्च काकांच्या बिलात लावला नाही.

जोडणी

दोन फाकांमधलं जुनं पॅकिंग खरवडून काढण्याआधी त्याची जाडी मोजून ठेवली, कारण त्या जाडीवर शाफ्टची आडवी हालचाल ठरते. जाड कागद घातला तर शाफ्ट हलतो, पातळ घातला तर सगळं आवळून बसतं. त्याच जाडीचा पॅकिंगचा कागद घराच्या कडेवर ठेवून हातोडीच्या गोल तोंडाने हलके टोले देत गेलो. कडेच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो, भोकंही तशीच. मापाची गरज नाही, घर स्वतःच साचा.

बंद केल्यावर खरं तेल लगेच भरलं नाही. दीड लिटर डिझेल आणि अर्धा लिटर पातळ इंजिन ऑइल मिसळून घातलं, गाळ्यातल्या अर्ध्या एचपीच्या मोटरवर पट्टा लावून, ओझं न देता, सावकाश, प्रत्येक गिअरवर पाचेक मिनिटं. मग गरम असतानाच साडीच्या जुन्या फडक्यातून गाळलं. पहिल्या खेपेला फडक्यावर काळी काजळी आणि थोडी नारिंगी वाळू. स्पीकरचं लोहचुंबक त्यावर फिरवलं तर काजळीला केस उभे राहिले. दुसऱ्या खेपेला निम्मं, तिसऱ्याला फडकं नुसतं तेलकट. तेव्हा थांबलो. डिझेलला वंगण म्हणून फारसा दम नसतो, त्यामुळे हे ओझ्याखाली कधीच करायचं नाही.

शेवटी दोन लिटर ईपी 90, म्हणजे गिअरचं घट्ट तेल, जीएल-4 दर्जाचं. दुकानदार जीएल-5 देत होता, "वरचं आहे, भारी आहे" म्हणून. भारी आहेच, पण त्यात गंधक आणि फॉस्फरसचं प्रमाण जास्त असतं आणि जुन्या गिअरबॉक्समधल्या पिवळ्या धातूंना ते मानवत नाही. एक बुश मी माझ्या हाताने खाल्ला होता, दुसरा तेलाला खायला द्यायचा नव्हता.

दांडीची टोपी बाजारात मिळाली नाही. ट्रकच्या ट्यूबचा तुकडा शंकूसारखा कापून, वर-खाली क्लिप आवळून बसवला. घराच्या माथ्यावरचं हवेचं बारीक भोक मातीने बुजलेलं होतं, ते तारेने मोकळं केलं. हे भोक बुजलं की घर निवताना हवा सीलांच्या ओठांमधून आत खेचली जाते, आणि हवेबरोबर ओलही.

पाच आठवडे, चौदा हजार रुपये. काकांनी बिल वाचलं, गिअरबॉक्सकडे बघितलं आणि विचारलं, "आत चकाचक आहे ना?" नाही, म्हटलं, आत काळं आहे. भिंत काळी ठेवलीय. त्यांचं तोंड उतरलं. मग दांडी हातात दिली. पहिला, दुसरा, तिसरा, मागचा, गोळी दर वेळी टक् करून खाचेत बसत होती. पुढे काही बोलले नाहीत.

पहिल्या दहा तासांच्या कामानंतर तेल बदललं. चुंबकाला बारीक करडी पूड होती, नव्या बेअरिंगांची रुळणी. नारिंगी काही नव्हतं.

पुढचा पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या आधी, मी गोराईला गेलो. ट्रॅक्टर आता पत्र्याखाली होता, पण ताडपत्रीही होतीच, बहुधा माझ्यासाठी मुद्दाम घातलेली. ड्रेन बोल्ट अर्धी फेरी सैल करून तळातलं पहिलं चमचाभर घेतलं. पिशवीतून काकूंचाच तवा काढला, चुलीवर तापवला आणि दोन थेंब टाकले. एक थेंब गुपचूप पसरला. दुसऱ्याने कडेला एकदाच, अगदी बारीक, चुर्र केलं.

"म्हणजे?" भाचा म्हणाला.

म्हणजे दव. सकाळी थोडा वेळ चालवत जा, तेल तापलं की उडून जाईल. आणि टोपीवरची वरची क्लिप ढिली झालीय, ती आवळ.

काकू दारात उभ्या होत्या. तवा पुढे केला, तर त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.